पिठल्यातली गुठळी आणि बारा तासांची गोळी

पिठलं घाईत केलं की गुठळ्या होतात. बेसन गार पाण्यात कालवून न घेता थेट फोडणीच्या उकळत्या पाण्यात लोटलं, की पिठाच्या गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. ताटात ती गुठळी बोटांनी फोडली तर आतून पिवळी भुकटी निघते. दहा मिनिटं खळखळत्या पाण्यात राहूनही आत थेंब शिरलेला नसतो. (बेसन मुद्दाम पेरून गाठीचं पिठलं करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना माझा नमस्कार.) स्वयंपाकघरात ही फजिती. औषधाच्या कारखान्यात मात्र हीच गुठळी ठरवून करतात, तिच्या चिकटपणाचा हिशेब मांडतात आणि औषधाच्या नावापुढे 'एसआर' ही दोन अक्षरं छापून विकतात.

एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज. कुठे ईआर लिहिलेलं असतं, कुठे एक्सआर, सीआर, पीआर. अक्षरं कंपनीगणिक बदलतात, मतलब साधारण एकच : गोळीतलं औषध एकदम बाहेर पडणार नाही, तासन्‌तास थोडं थोडं सुटत राहील. याची गरज का पडते ते डायक्लोफिनॅकवरून चांगलं कळतं. हे दुखण्यावरचं औषध रक्तात पोचल्यावर साधारण १ ते २ तासांत निम्मं होतं, पुढच्या तेवढ्याच वेळात त्याचंही निम्मं. साधी गोळी घेतली की औषध भसकन चढतं आणि तितक्याच लगबगीने उतरतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. पाटाने पाणी सोडलं की वाफा आधी तुडुंब होतो आणि मग पुढच्या पाळीपर्यंत सुकतो, तसंच हे. एसआर गोळी म्हणजे ठिबक.

ठिबक करायच्या तऱ्हा पुष्कळ. अमेरिकेतल्या स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने १९५२ साली 'स्पॅन्स्यूल' आणली. तिच्यात बारीक बारीक दाणे होते आणि त्यांच्यावरचं आवरण कमी-जास्त जाडीचं होतं, त्यामुळे काही दाणे लवकर उघडत, काही उशिरा. अजूनही बऱ्याच कॅप्सुला याच तत्त्वावर चालतात. पण दाण्यादाण्याला आवरण चढवणं खर्चिक आणि वेळखाऊ काम आहे. त्याहून सोपा रस्ता म्हणजे औषधाची भुकटी आणि पाण्यात फुगणारा एखादा डिंक एकत्र कालवायचा आणि दाबून गोळी करायची. फार्मसीच्या भाषेत याला मॅट्रिक्स टॅब्लेट म्हणतात. मी गुठळी म्हणतो.

या विषयावर थोडंसं वाचलं की 'वनस्पतिजन्य डिंक हे नैसर्गिक बाइंडर आहेत' हे वाक्य भेटतंच. खोटं नाही, पण त्याने गोंधळ होतो. बाइंडरचं काम वेगळं, औषध रोखून धरण्याचं काम वेगळं. एकच डिंक ही दोन्ही कामं करतो, म्हणून ती एकच वाटू लागतात.

आधी बाइंडर. गोळी म्हणजे साच्यात दाबलेली भुकटी. विल्यम ब्रॉकेडन नावाच्या इंग्रज चित्रकाराने १८४३ मध्ये भुकटी साच्यात दाबून गोळ्या करण्याचं पेटंट घेतलं. त्याच पेटंटमध्ये पेन्सिलीचं शिसंही होतं, आणि खरी निकड त्याला त्याचीच होती. शिशाची भुकटी दाबून चांगली पेन्सिल मिळाली, सोबत औषधाची गोळीही मिळाली. पण सगळ्या भुकट्या दाबाला बधत नाहीत. पॅरासिटामॉल त्यातलं नाठाळ. कॉलेजात आमच्या जुन्या सिंगल पंच मशीनवर, म्हणजे एका दट्ट्याने (पंचाने) एकेक गोळी दाबणाऱ्या यंत्रावर, नुसतं पॅरासिटामॉल दाबून पाहिलं होतं. साच्यातून गोळी वर येई ती अगदी झकास, आणि बोट लागताच तिची वरची चकती टोपीसारखी उडे. या प्रकाराला नावही 'कॅपिंग'च आहे.

उपाय आपल्या आजीला ठाऊक होता. भाजलेलं बेसन वळत नसेल तर पाक घालायचा. कारखान्यात पाकाच्या जागी खळ असते, पतंगाला किंवा पुस्तकाच्या पुठ्ठ्याला लावतो तीच : स्टार्च पाण्यात शिजवून केलेली. औषधाची भुकटी या खळीत भिजवून तिंबायची, जाड चाळणीतून काढून रवाळ दाणे पाडायचे, वाळवायचे, पंचाला चिकटू नयेत म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट लावायचं आणि दाबायचं. खळीऐवजी बाभळीच्या जातीचा डिंक, म्हणजे अकेशिया, विरघळवून घेतला तरी चालतं. फार्मसीत ती फार जुनी पद्धत आहे. हा झाला बाइंडर. गोळीच्या वजनात त्याचा वाटा बहुधा २ ते ५ टक्के. गोळी डबीत, पाकिटात, टपालात फुटू नये एवढंच त्याचं काम. पोटात गेल्यावर मात्र ती फुटायलाच हवी, म्हणून साध्या गोळीत बाइंडरसोबत फुगून गोळी फोडणारा पदार्थही घालतात. एक बांधणारा, एक फोडणारा. संसारच आहे तो.

आता गंमत बघा. गवारीचा गम थोडासा घातला तर तो दाणे बांधतो. कोरड्या भुकटीच्या रूपात मिसळला तर काही गोळ्यांत तोच पाणी पिऊन फुगतो आणि गोळीच्या ठिकऱ्या करतो. आणि तोच डिंक गोळीच्या २०, ३०, ४० टक्के केला की पाणी लागताच गोळीभोवती चिकट साय धरते आणि मग तो कुणालाच आत-बाहेर करू देत नाही. पदार्थ तोच, प्रमाण बदललं की स्वभाव बदलतो. थोड्या बेसनाने आमटी दाट होते, जास्त झालं की गुठळ्या, तसंच. एसआर गोळीतला डिंक बाइंडर असतोच, पण ते त्याचं फावल्या वेळातलं काम. मुख्य नोकरी दारवानाची.

गोळी पाण्याबरोबर घशाखाली गेली की पुढे काय होतं, हे जरा सावकाश पाहू.

कोरडा डिंक हा काचेसारखा पदार्थ आहे. उपमा म्हणून नव्हे, पदार्थविज्ञानाच्या भाषेतही ती अवस्था 'काच'च. लाडवासाठी आणलेला कच्चा डिंक दाताखाली धरून पाहा, कडकन फुटतो. त्यातल्या लांबलचक साखळ्या एकमेकींत अडकून थिजलेल्या असतात. पाणी आत शिरलं की साखळ्या सैल होतात, सरकू लागतात आणि काचेचा रबर होतो. रबरात अजून पाणी मुरलं की जेल. हे सगळं पृष्ठभागावर काही मिनिटांत घडतं. त्यानंतर गोळी कापून पाहिली तर तीन पट्टे दिसतील. मध्ये कोरडा, कडक गाभा. त्याभोवती फुगलेल्या जेलची साय. आणि अगदी बाहेर, जिथे जेल इतकं पातळ झालेलं असतं की साखळ्या सुट्या होऊन आतड्यातल्या द्रवात निघून जातात, ती झिजणारी कड.

औषधाला बाहेर यायचं तर आधी पाण्याने आतवर पोचलं पाहिजे, मग औषधाने त्या पाण्यात विरघळलं पाहिजे, मग जेलच्या सायीतून वाट काढली पाहिजे. नुसत्या पाण्यात साखर पसरते तसं हे नाही. कार्तिकीच्या गर्दीत चंद्रभागेपर्यंत पोचायचं असल्यासारखं आहे. अंतर थोडं, धक्के फार. शिवाय गाभा भिजत आत सरकत जातो तशी साय जाड होत जाते, म्हणजे नंतर निघणाऱ्या औषधाला वाट आणखी लांब.

या उशिराचं गणित ताकेरू हिगुची या जपानी वंशाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडलं. सुरुवात गोळीपासून नव्हे, मलमापासून झाली : मलमात मिसळलेलं औषध त्वचेकडे किती वेगाने सुटतं, असा प्रश्न होता. उत्तर आलं, वेळेच्या वर्गमूळाच्या पटीत. पहिल्या तासात १० टक्के औषध सुटलं असेल, तर २० टक्के व्हायला २ तास नाही, ४ तास लागतील. ३० टक्क्यांना ९ तास. दोन वर्षांनी त्याने हेच गणित घन गोळीला लावलं, आणि आजही फार्मसीच्या विद्यार्थ्याच्या वहीत हिगुचीचा आलेख असतोच.

म्हणजे नुसत्या सायीवर विसंबलं तर ठिबक हळूहळू मंदावत जाणार. इथे बाहेरची झिजणारी कड कामाला येते. आतून साय जाड होते आणि बाहेरून झिजते. दोन्हींचा वेग जुळला तर जाडी तेवढीच राहते आणि औषध एका लयीत सुटत राहतं. गोळीची घडण बेतणाऱ्यांची, म्हणजे फॉर्म्युलेशनवाल्यांची, सारी कसरत या जुळणीसाठी चालते. औषध पाण्यात भराभर विरघळणारं असेल तर ते सायीतून वाट काढतं. जेमतेम विरघळणारं असेल तर त्याला कड झिजण्याचीच वाट पाहावी लागते. म्हणून एका औषधाला लागू पडलेलं डिंकाचं प्रमाण दुसऱ्याला लागू पडत नाही.

मग सगळ्या डिंकांची अशी गुठळी होते का? नाही. दोन भांडी घेऊन हे घरी पाहता येईल. एका भांड्यात एक चमचा अकेशियाचा डिंक आणि दोन चमचे पाणी : रात्रभरात छान विरघळून मधासारखा वाहता द्रव तयार. दुसऱ्यात लिटरभर पाण्यात गवार गमची भुकटी, साधारण तीन चमचे, एक टक्क्याच्या आसपास : एवढ्यानेच पाणी काकवीसारखं दाट. पहिल्यात डिंक जवळजवळ एक तृतीयांश, तरी वाहतो. दुसऱ्यात शंभरातला एक, तरी ओढ लागते.

फरक साखळीच्या घडणीत आहे. अकेशियाचा रेणू फांद्या-फांद्यांचा, काटेरी झुडपासारखा गुंडाळलेला. मोठा असूनही जागा थोडी घेतो, दुसऱ्या झुडपात फारसा गुंतत नाही. गवारीचा रेणू लांबच लांब दोरीसारखा. मॅनोज या साखरेचे मणी एका ओळीत ओवलेले आणि साधारण दर दुसऱ्या मण्याला गॅलॅक्टोजचा एक मणी बाजूला लटकलेला. हे लटकते मणी दोऱ्यांना एकमेकींना बिलगू देत नाहीत, म्हणून गार पाणीही सहज आत शिरतं. मेथीच्या दाण्यात हाच प्रकार, फक्त लटकन जवळजवळ प्रत्येक मण्याला. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरब झाडाच्या बियांत लटकन चार मण्यांमागे एक, म्हणून तो डिंक नीट विरघळायला पाणी तापवावं लागतं. एकाच घराण्यातली तीन भावंडं, वळण वेगवेगळं.

तर अकेशिया हा उत्तम पाक, पण दारवान म्हणून कुचकामी. त्याच्या सायीला टिकाऊपणा नाही. गवार, कराया, ट्रॅगाकांथ हे दारवान. गवारीचा आणखी एक गुण असा की तिच्या साखळीवर विद्युतभार नाही, त्यामुळे जठरातलं आम्ल असो की आतड्यातलं सौम्य वातावरण, तिच्या फुगण्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय आपल्या पाचकरसांना गवार गम पचवता येत नाही. तो पचवतात मोठ्या आतड्यातले जिवाणू. म्हणून औषध थेट मोठ्या आतड्यात न्यायचं असेल तर त्याभोवती गवार गमचं जाड कवच करावं, या कल्पनेवर भारतात बरंच संशोधन झालंय. कवच फोडणारे कामगार फक्त मुक्कामालाच आहेत, असा तो बेत.

हे डिंक येतात कुठून? गवार आपण भाजीत खातो ती शेंग, पण गम निघतो वाळलेल्या बीमधून. बीचं टरफल आणि कोंब काढले की उरते ती 'गवार दाल'. तिची भुकटी म्हणजे गम, आणि टरफल-कोंबांचा उरलेला चुरी-कोरमा गुरांना. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते आणि त्यातली बहुतेक राजस्थानात. आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'आयएनएस ४१२' दिसलं तर तीच ही. अकेशियाचा डिंक सुदानच्या कोर्दोफानचा. तो शीतपेयांपासून गोळ्यांपर्यंत इतक्या ठिकाणी लागतो, की १९९७ साली अमेरिकेने सुदानवर व्यापारबंदी घातली तेव्हा डिंकाला तेवढी सूट दिली.

आणि कराया आपल्याकडचा. सातपुड्यात, मेळघाटात उन्हाळ्यात जाल तर पानं गाळून उभी असलेली पांढऱ्याफटक खोडाची झाडं दिसतात, चांदण्यात पाहिली तर दचकायला होतं. कांडोळ किंवा पांढरूख. त्याच्या खोडाला जखम केली की जो डिंक पाझरतो तो कराया. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, कारण त्याच्या साखळीवर ॲसिटिल गट असतात आणि ते सुटले की ॲसेटिक आम्ल होतं. पाण्यात हा डिंक धड विरघळत नाही, नुसता फुगतो, आणि फुगतो म्हणजे कित्येक पट. बाजारात 'कतीरा' म्हणून जे मिळतं त्यात हा बऱ्याचदा असतो; असली कतीरा म्हणजे इराणकडचा ट्रॅगाकांथ. बाळंतिणीच्या लाडवातला धावड्याचा डिंक मात्र वेगळा. परदेशी व्यापारात त्याला 'घट्टी' म्हणतात, घाटांतून वाहून आणला जाई म्हणून.

त्या लाडवावरून आठवलं. तुपात डिंक फुलतो तो त्याच्या अंगच्या पाण्यामुळे. वाळलेल्या दिसणाऱ्या डिंकातही दहा-पंधरा टक्के ओलावा असतो. गरम तुपात त्याची वाफ होते आणि खडा लाहीसारखा फुलतो. लाडवात हे वरदान. गोळीच्या कारखान्यात तोच ओलावा डोकेदुखी, कारण तो पावसाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा.

या डोकेदुखीकडे आता यायलाच हवं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात एम. फार्म.चे प्रबंध चाळा. शेवग्याचा डिंक, काजूचा डिंक, चिंचोका, भेंडीचा बुळबुळीत रस, बेलफळाचा गर, इसबगोल, मेथी : झाडातून, बीतून, शेंगेतून जे जे चिकट निघतं त्याची एसआर गोळी कुणी ना कुणी करून पाहिलेली असते. निष्कर्षही ओळखीचा : 'हा डिंक १२ तासांपर्यंत औषध रोखून धरतो.' खरं असतं ते. पण औषधाच्या दुकानात जाऊन एसआर गोळ्यांची पाकिटं पाहिली तर आत बहुतेक वेळा हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज असतो, धंद्यातल्या भाषेत एचपीएमसी. गवारीच्या देशात गवारीची गोळी अपवादाने. असं का?

अडचण डिंकाच्या ताकदीत नाही, त्याच्या लहरीपणात आहे. पाऊस लांबला, झाड म्हातारं झालं, जखम मार्चऐवजी मेमध्ये केली, पोत्यात दोन जातींच्या झाडांचा डिंक मिसळला, की साखळीची लांबी बदलते आणि चिकटपणा बदलतो. भाजीत याने बिघडत नाही. पण ज्या गोळीने सहाव्या तासाला साधारण ६० टक्के औषध सोडायचं, ती पुढच्या खेपेला ८० टक्के सोडू लागली तर तो माल फेकून द्यावा लागतो. एचपीएमसीचं तसं नाही. ठरावीक चिकटपणाचा माल मागवला की दरवेळी तोच येतो. आणि गंमत अशी की एचपीएमसीसुद्धा मुळात वनस्पतीच : लाकडाच्या लगद्यातला किंवा कापसातला सेल्युलोज घेऊन त्यावर रासायनिक गट जोडलेले असतात. तेव्हा 'झाडाचं ते चांगलं, केमिकल ते वाईट' ही वाटणी इथे टिकत नाही. झाडाचा माल दोन्हीकडे आहे. एक झाडाच्या मर्जीने येतो, एक कारखान्याच्या.

डिंकाला बुरशी आणि जिवाणूही आवडतात, साखरच ती. जंगलातून गोळा झालेल्या डिंकात साल, माती, मुंग्या असतात. निर्जंतुक करायला तापवावं तर साखळ्या तुटतात आणि चिकटपणा जातो. २००७ साली भारतातून युरोपात गेलेल्या काही गवार गममध्ये पेंटाक्लोरोफिनॉल आणि डायॉक्सिन ही विषारी रसायनं सापडली आणि सगळ्या धंद्याला तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागलं. भावाचं वेगळंच. अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या फ्रॅकिंगसाठी पाणी दाट करायला गवार गम लागू लागला आणि २०१२ च्या सुमारास गवारीचे भाव अनेक पटींनी चढले. त्या मार्चमध्ये तिचे वायदे बंद करावे लागले. नंतर भाव कोसळले. मूळ कच्च्या मालाचा भाव टेक्सासच्या तेलविहिरींवर हलत असेल, तर कुठली औषध कंपनी त्यावर दहा वर्षांची गोळी बेतेल?

तरी काही डिंकांनी बाजारात जागा मिळवली. कॅरबच्या बियांचा डिंक आणि झँथन यांची जोडी हे त्याचं चांगलं उदाहरण. झँथन तसा वनस्पतीचा नाही. कोबीला काळी कूज आणणाऱ्या जिवाणूकडून तो टाक्यांमध्ये करून घेतात. एकेकटे असताना दोन्ही नुसतेच दाट. एकत्र आले की झँथनच्या साखळ्या कॅरबच्या उघड्या, लटकन नसलेल्या भागांना बिलगतात आणि घट्ट जेल बनतं. टाइमरेक्स नावाचं तंत्र यावरच उभं आहे आणि त्यातून खरीखुरी औषधं बाजारात आली. चिंचोक्यावर माझा जीव आहे हे कबूल करतो. घोंगडी विणणारे सणगर उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावत आले आहेत. त्याच चिंचोक्यातला झायलोग्लुकन हा डिंकासारखा पदार्थ आज कोरड्या डोळ्यांच्या थेंबांत वापरतात, कारण तो डोळ्याच्या पृष्ठभागावर टिकून राहतो. गोळीत तो अजून प्रबंधांच्या पलीकडे फारसा गेलेला दिसत नाही. आंब्या-चिंचेच्या मुलखात हे काम कुणी नेटाने पुढे न्यावं असं मला वाटतं, पण त्यासाठी तेरावी गोळी करून दाखवण्यापेक्षा एकाच झाडाच्या डिंकाची दहा वर्षांची प्रतवारी लावणं जास्त गरजेचं आहे. त्यावर प्रबंध मिळत नाही, हीच अडचण.

गुठळी जमली की नाही हे कसं तपासतात? काचेच्या भांड्यात ९०० मिलिलिटर द्रव, तापमान अंगाइतकं, ३७ अंश. त्यात गोळी टाकायची आणि वर एक वल्हं मिनिटाला ५० फेऱ्यांनी फिरत ठेवायचं. बऱ्याचदा पहिले दोन तास जठरासारखं आम्ल, मग आतड्यासारखा द्रव. ठरल्या वेळी थोडं पाणी काढून त्यात किती औषध आलंय ते मोजायचं. किमान तीन वेळा महत्त्वाच्या : सुरुवातीची, औषध भसकन सुटलं नाही ना हे पाहायला, मधली, लय बघायला, आणि शेवटची, ८० टक्क्यांच्या पुढे गेलं ना याची खात्री करायला, नाहीतर औषध गोळीतच अडकून बाहेर जायचं. कॉलेजात हा प्रयोग म्हणजे रात्र. बारा तासांच्या गोळीला बारा तास बसावं लागतं, दर तासाला पिपेट. माझ्या एका गोळीची साय सहाव्या तासाला अचानक चिरली आणि भांड्यातला आलेख उभा वर गेला. गवार गमची भुकटी मी नीट चाळली नव्हती. जाड कण फुगायला वेळ लावतात, तेवढ्यात मधल्या फटींतून पाणी घुसतं. पिठलं करणाऱ्याला हे सांगावं लागलं नसतं.

इतकं कळल्यावर एसआर गोळीबद्दलच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. चावू नका, कुटू नका. आमच्या एका काकू गिळायला त्रास होतो म्हणून अशीच गोळी लाटण्याने चिरडून मधातून घेत. गुठळी फोडली की सगळं पीठ मोकळं. बारा तासांसाठी भरलेलं औषध तासाभरात रक्तात. अर्धी करायची असेल तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारूनच : काही एसआर गोळ्या मधोमध रेघ असलेल्या, आवरणवाल्या दाण्यांच्या असतात, त्या तुटल्या तरी दाणे शाबूत राहतात. डिंकाच्या गुठळीचं तसं नाही. कापली की आतला कोरडा भाग उघडा पडतो.

पाणी भरपूर घ्या, तेही उभ्याने किंवा बसून. याचं कारण १९९० मध्ये अमेरिकेत दिसलं. 'कॅल-बॅन ३०००' नावाच्या वजन घटवण्याच्या गोळ्या जवळजवळ नुसत्या गवार गमच्या होत्या. पोटात फुगून भूक मारतील ही कल्पना. काहींच्या त्या अन्ननलिकेतच फुगल्या आणि अडकल्या, आणि तिथल्या औषध प्रशासनाने त्या बाजारातून काढायला लावल्या. औषधी गोळीत डिंक तितका नसतो, पण स्वभाव तोच. आणि दारूबरोबर नको. पाण्यासाठी आखलेलं दार दारूपुढे टिकेलच असं नाही; २००५ साली पॅलाडोन हे तीव्र वेदनाशामक याच कारणाने अमेरिकेच्या बाजारातून परत घ्यावं लागलं. त्यात डिंक नव्हता, औषध रोखणारे दुसरेच पदार्थ होते, पण दारूने औषध एकदम सुटू शकत होतं.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची एसआर गोळी बोराच्या बीएवढी का असते हा प्रश्नही इथेच सुटतो. ५०० मिलिग्रॅम किंवा हजार मिलिग्रॅम औषध, पाण्यात अतिशय विरघळणारं. त्याला रोखायला फुगणारा पदार्थही भरपूर लागतो. मागच्या वर्षी शेजारच्या काकांनी याच गोळीवरून सकाळी सातला बेल वाजवली. "अरे, गोळी पचलीच नाही, सकाळी तशीच्या तशी पडली. दुकानदाराने फसवलं मला." दुकानदाराने फसवलं नव्हतं. औषध रात्रभरात सायीतून निघून गेलं होतं, साखर मोजली तर नेहमीच्या आसपासच निघाली. आतड्यातून बाहेर आलं ते पाण्याने फुगलेलं, गोळीच्या आकाराचं मऊ टरफल, ज्याच्या आत आता काहीच नव्हतं. पाकिटातल्या घडी घातलेल्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंही होतं, शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.